कोळशाचा काला

ज्यांच्या घरीं पूर्वीं कोळशाची शेगडी पेटत असे, त्यांना पोत्याच्या तळाशीं उरणाऱ्या भुकटीची आठवण असेल. ती टाकून न देतां घरांतील बाई तिच्यांत शेण आणि पाणी घालून गोळे वळीत असे व ते उन्हांत वाळवून शेगडींत घालीत असे. दगडी कोळसा, वनस्पतीचा अंश आणि पाणी ह्या तिहींना एकत्र आणून जळण करण्याची ही रीत आपल्याला नवी नाहीं. परंतु गोळा वाळण्याच्या आधींचा जो ओला काला, तोच नळीवाटे भट्टींत सोडून पेटवितां येईल काय, असें कोणी विचारलें असतें तर त्या बाईनें त्याला वेड्यांत काढलें असतें. गेल्या दीडशें वर्षांत कित्येक शहाण्या माणसांनीं नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांच्या उद्योगाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

ह्या खटाटोपाचें कारण असें. कोळशाच्या अंगीं उष्णता पुष्कळ. परंतु त्याची धूळ उडते, आणि तो अर्धवट जळाला तर काळा धूर होतो. तेल मात्र नळानें येतें आणि फवाऱ्यानें जळतें. तेव्हां कोळशालाच तेलाप्रमाणें वाहतें करावें, असें मनांत आलें. कोळशाची पूड तेलांत कालवून जाळण्याचें पेटंट अमेरिकेंत १८७९ सालींच निघालें होतें. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजें बुडवूं लागल्या, आणि तेल पुरवून वापरणें भाग पडलें. त्या वेळीं लिंडन बेट्स ह्या अमेरिकन इंजिनियरानें असें मिश्र जळण सिद्ध केलें व १९१८ सालीं ‘जेम’ नांवाच्या नौदलाच्या गस्ती जहाजावर त्याची परीक्षा झाली. १९३२ सालीं क्यूनार्ड कंपनीच्या ‘सिथिया’ ह्या प्रवासी जहाजावरही असें जळण जाळून पाहण्यांत आलें. परंतु तेल मुबलक मिळूं लागलें कीं ह्या प्रयोगांची आठवण बुजून जाई.

तेलाच्या जागीं पाणी घालण्याची कल्पना प्रथम निघाली ती जाळण्यासाठीं नव्हे, वाहतुकीसाठीं. वॉलेस अँड्र्यूज ह्यानें १८९१ सालीं पाण्याबरोबर कोळसा पंपानें ढकलण्याचें पेटंट अमेरिकेंत घेतलें. लंडनमध्यें १९१४ सालीं गिल्बर्ट बेल ह्यानें थेम्स नदींतील पडावांवरचा कोळसा ८ इंची नळांतून हॅमरस्मिथच्या वीजघरापर्यंत पोंचविला. १९५७ सालीं ओहायो राज्यांत १०८ मैलांचा असा नळ सुरू झाला. तो पाहून आगगाडीवाल्यांनीं आपले दर उतरविले आणि १९६३ सालीं नळ बंद पडला.

१९७३ सालीं तेलाचे भाव भडकले, तेव्हां अमेरिका, जपान, चीन अशा देशांतून ओला कालाच थेट जाळण्याच्या प्रयत्नांना जोर आला. त्यांतील खरी कसोटी पूर्वतयारीची आहे. शंभर भाग काल्यांत सुमारें सत्तर भाग कोळसा मावला पाहिजे, आणि तरीही तो पंपानें ओढतां आला पाहिजे. तांदळाच्या मापांत मोहरी ओतली तर ती दाण्यांमधल्या फटींत सामावते. त्याच न्यायानें जाड व बारीक कणांचें प्रमाण ठरवितात. कण एकमेकांना चिकटूं नयेत म्हणून शेंकडा एकाच्या आसपास एक औषधी द्रव्य घालतात. भट्टीच्या तोंडाशीं दाबाखालील हवा किंवा वाफ ह्या काल्याचे सूक्ष्म थेंब करते. प्रथम पाणी उडून जातें आणि मग कोळसा पेट घेतो. पाणी उडविण्यांत कोळशाची शेंकडा चारएक उष्णता खर्चीं पडते. परंतु ज्वाळा कमी तापते, म्हणून नायट्रोजनचे घातक वायु कमी निघतात. शिवाय धूळ उडत नाहीं व तिचा भडका होण्याचें भयही राहत नाहीं. बारीक दळलेल्या कोळशांतून राख आणि खनिज गंधक धुवून काढणें सोपें जातें. मात्र कोळशाच्या अंगांतच मुरलेलें गंधक धुतां येत नाहीं, तें धुराड्यांतून बाहेर पडतें. लांकूड किंवा पेंढा ह्यांचा काला करावा तर त्यांचे तंतु पाणी पिऊन फुगतात आणि पंप तुंबतो. ह्यावर उपायाची वाट जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख बर्गियस ह्यानें १९१३ सालींच दाखविली होती: वनस्पतिज पदार्थ पाण्यासह बंद भांड्यांत खूप तापविला कीं तो कोळशासारखा होतो.

म्हणजे काला करण्याची विद्या साधली. परंतु पाणी कोणाचें, हा प्रश्न तिनें सुटला नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत ब्लॅक मेसा नांवाचें पठार आहे. तेथें होपी आणि नवाहो हे मूळचे लोक राहतात. प्रदेश रुक्ष, झऱ्यांवर आणि भूगर्भांतील पाण्यावर त्यांचें जीवन चालतें. १९७० सालीं येथून नेव्हाडा राज्यांतील मोहावी वीजकेंद्रापर्यंत २७३ मैलांचा नळ सुरू झाला. निम्मा कोळसा, निम्में पाणी. हें पाणी जमिनीच्या पोटांतून उपसलें जाई, वर्षाला शंभर कोटी गॅलनांहून अधिक. आणि वीजकेंद्राशीं पोंचल्यावर वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घालून तें काल्यांतून काढून टाकीत. आपले झरे आटत आहेत असें होपी लोक वर्षानुवर्षें सांगत राहिले; कंपनीचे जाणकार तें मानीत नव्हते. गंधकाच्या धुरावरूनही खटला झाला. धूर शुद्ध करणारीं यंत्रें ठरल्या मुदतींत बसलीं नाहींत, आणि ३१ डिसेंबर २००५ रोजीं वीजकेंद्र थांबलें, नळही थांबला. रस्त्यांत धुळीचा कण न उडवितां पस्तीस वर्षें कोळसा वाहून नेणाऱ्या ह्या नळाचा हिशेब शेवटीं धूर आणि पाणी ह्या दोन खात्यांवर तपासला गेला.

श्रोतेहो, ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देतां येत नाहीं. २०१३ सालच्या दुष्काळांत बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें. तेथें कोळसा नेहमींच्या रीतीनें, कोरडाच जळत असे. तरी वाफेला आणि यंत्रें थंड ठेवण्याला पाणी पुरलें नाहीं. हिंदुस्थानच्या कोळशांत राख फार, तो धुवून, दळून, काला करून जाळावा, असा विचार येथें कोणी मांडला तर त्यांत तथ्य आहे. परंतु त्या काल्यांतील तीस भाग पाणी कोणत्या नदींतून, कोणत्या गांवाच्या विहिरींतून यावयाचें, हें त्याला पहिल्याच दिवशीं विचारावें. होपी लोकांना तें उत्तर पस्तीस वर्षांत मिळालें नव्हतें.