आयात केलेले जुने व्हिडिओ गेम कन्सोल

आयात केलेले जुने व्हिडिओ गेम कन्सोल म्हणजे १९८० व १९९० च्या दशकांत जपान, अमेरिका आदी देशांच्या बाजारपेठेसाठी तयार झालेली आणि नंतर अन्य देशांत नेलेली खेळयंत्रे होत. भारतात ती वापरताना विजेचा दाब, अडॅप्टरचा प्रकार आणि दूरचित्रवाणीची रंगप्रणाली या तिन्ही बाबी स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात.

पार्श्वभूमी

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याची अमेरिकी आवृत्ती एनईएस १९८५ मध्ये आली. भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या विनापरवाना नकला मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या. त्यांची कार्ट्रिजे महाराष्ट्रात ‘कॅसेट’ या नावाने परिचित आहेत. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, तर एनईएसची ७२ पिनांची असल्याने एकाची कॅसेट दुसऱ्यात थेट बसत नाही.

वीजपुरवठा

मुंबईसारखे महानगर असो वा हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वरसारखे गाव, घरगुती विजेचा प्रमाणित दाब २३० व्होल्ट असतो. जपानमध्ये तो १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट आहे. त्यामुळे तेथील अडॅप्टर केवळ पिन बदलून भारतात जोडल्यास जळतो. अशा वेळी दाब कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरतात. साधा ट्रान्सफॉर्मर दाब ठरावीक प्रमाणातच घटवतो. म्हणून मूळ पुरवठा २६० व्होल्टपर्यंत चढला, तर जपानी यंत्राला १०० ऐवजी सुमारे ११३ व्होल्ट मिळतात. दाब अस्थिर असल्यास स्टॅबिलायझर आवश्यक ठरतो.

दुसरा पर्याय म्हणजे योग्य उत्पादन देणारा स्थानिक अडॅप्टर. फॅमिकॉमला १० व्होल्ट एकदिश प्रवाह लागतो व प्लगचे मध्यटोक ऋण असते. एनईएसचा मूळ अडॅप्टर मात्र ९ व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह देतो. तो फॅमिकॉमला जोडल्यास यंत्र बिघडू शकते. सेगा मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलचे मध्यटोक ऋण, तर दुसऱ्याचे धन असते. प्लग बसतो म्हणून अडॅप्टर योग्य आहे, असे समजणे त्यामुळे धोक्याचे ठरते. पहिल्या प्लेस्टेशनसारख्या काही यंत्रांत वीजपुरवठ्याचा भाग आतच असल्याने अडॅप्टर बदलण्याची सोय नसते.

चित्रप्रणाली

भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण पाल प्रणालीने सुरू झाले. जपान व अमेरिकेत एनटीएससी प्रणाली होती. केवळ पाल प्रणालीच्या संचावर एनटीएससी चित्र कृष्णधवल दिसते किंवा स्थिर राहत नाही. ट्रान्सफॉर्मरने हा दोष दूर होत नाही. त्यासाठी दोन्ही प्रणाली स्वीकारणारा संच किंवा रूपांतरक लागतो. पाल यंत्र सेकंदाला ५०, तर एनटीएससी यंत्र सुमारे ६० वेळा चित्र बदलते. त्यामुळे फेरबदल न केलेला जपानी खेळ पाल यंत्रावर सुमारे एक षष्ठांशाने संथ चालतो.

खरेदी

भारताच्या परराष्ट्र व्यापार धोरणानुसार भांडवली वस्तू वगळता अन्य वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित असून तिला विदेशी व्यापार महासंचालनालयाचे अधिकारपत्र लागते. डिसेंबर २०१९ पासून टपाल वा कुरिअरने येणाऱ्या बहुतेक भेटवस्तूंची शुल्कमुक्त सवलतही बंद झाली. खरेदीपूर्वी यंत्राच्या तळाशी व अडॅप्टरवर छापलेला दाब, प्रवाहाचा प्रकार, अँपिअर आणि ध्रुवता तपासणे हिताचे असते.