वहाबी पंथ आणि दख्खन

अठराव्या शतकात अरबस्तानच्या नज्द या मध्यवर्ती वाळवंटी प्रदेशात उदयास आलेला, सुन्नी इस्लाममधील एक कठोर शुद्धिवादी पंथ. मुहंमद इब्न अब्दुल वहाब (१७०३–९२) हा त्याचा प्रवर्तक. ‘वहाबी’ हे नाव विरोधकांनी दिलेले असून अनुयायी स्वतःला मुवह्हिदून, म्हणजे एकेश्वरवादी, किंवा सलफी, म्हणजे इस्लामच्या पहिल्या पिढ्यांच्या मार्गाने जाणारे, म्हणवतात.

इस्लामी कायद्याच्या हनबली परंपरेत वाढलेल्या इब्न अब्दुल वहाबने तौहीद, म्हणजे ईश्वराचे एकत्व, या तत्त्वाचा अर्थ अत्यंत काटेकोरपणे लावला. दर्ग्यावर नवस बोलणे, पीराला मध्यस्थ मानून त्याच्याकडे मागणे, कबरीवर घुमट बांधणे हे त्याच्या दृष्टीने शिर्क, म्हणजे ईश्वराच्या सत्तेत दुसऱ्याला वाटेकरी करणे, ठरले. पैगंबरांच्या काळी नसलेल्या प्रथांना त्याने बिदअत, म्हणजे धर्मात घुसडलेली नवी गोष्ट, म्हणून त्याज्य मानले. येथवर हा मतभेदाचा विषय होता आणि असे मतभेद इस्लाममध्ये पूर्वीही होते. परंतु अशा प्रथा पाळणारा मुसलमान मुसलमानच उरत नाही आणि त्याच्याशी लढणे धर्म्य आहे, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला, तेव्हा मतभेदाचे युद्ध झाले. दुसऱ्या मुसलमानास काफिर ठरवण्याच्या या कृतीस तकफीर म्हणतात. तिला प्रवर्तकाचा सख्खा भाऊ सुलैमान यानेच लेखी विरोध केला होता. १७४४ मध्ये दिरिया येथील सरदार मुहंमद इब्न सौद याच्याशी झालेल्या कराराने या मताला तलवारीचे पाठबळ मिळाले. सौदी फौजांनी १८०२ मध्ये करबला लुटले आणि पुढील काही वर्षांत मक्का व मदिना ताब्यात घेतल्या. ज्या १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सोलापूरचा किल्ला ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला, त्याच साली इजिप्तच्या इब्राहिम पाशाने दिरिया जमीनदोस्त केले.

भारतात ज्या चळवळीला इंग्रजांनी वहाबी म्हटले तिचे मूळ नज्दमध्ये नव्हे, तर दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–६२) यांच्या विचारपरंपरेत होते. तिचा नेता रायबरेलीचा सय्यद अहमद (१७८६–१८३१) हा स्वतः सूफी दीक्षा घेतलेला व देणारा होता. केवळ या एका गोष्टीमुळे नज्दच्या वहाबींनी त्याला आपला मानले नसते. त्याचे तरुणपण यशवंतराव होळकरांचा साथीदार अमीरखान याच्या फौजेत गेले. पुढे वायव्य सरहद्दीवर शिखांविरुद्ध जिहाद पुकारल्यावर त्याने ग्वाल्हेर दरबारातील हिंदुराव घाटगे यांना पत्र पाठवले. हिंदुराव हे कागलच्या सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दूरदेशीचे व्यापारी राज्यकर्ते होऊन बसले असून त्यांना हुसकावल्यावर राज्यकारभार ज्याचा त्याला सोपवला जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. एका मराठा सरदाराला लिहिलेले हे पत्र चळवळीचे राजकारण तिच्या प्रचारपुस्तिकांपेक्षा अधिक स्पष्टपणे दाखवते. ६ मे १८३१ रोजी बालाकोटच्या लढाईत सय्यद अहमद मारला गेला.

त्या वेळी त्याचा पाटण्याचा अनुयायी विलायत अली हैदराबादेत प्रचार करीत होता, आणि दख्खनच्या इतिहासातील या चळवळीचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तेथेच घडला. निजाम नासिरुद्दौला याचा धाकटा भाऊ मुबारिजुद्दौला हा या मताकडे वळला. तो इंग्रजविरोधी म्हणून आधीपासूनच परिचित होता. १८३९ मध्ये, अफगाण युद्धाची धामधूम चालू असताना, त्याने दक्षिणेतील संस्थानिक आणि कंपनीचे देशी शिपाई यांना उठावासाठी चिथावल्याचा आरोप रेसिडेंट जेम्स फ्रेझर याने ठेवला. निजामाने भावाला अटक केली, चौकशी आयोग बसला, आणि मुबारिजुद्दौला १८५४ मध्ये मरेपर्यंत गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैदेत राहिला. कर्नूलचा नवाब गुलाम रसूलखान याचे राज्यही त्याच धामधुमीत, १८३९ मध्येच, खालसा झाले. या कटात धर्मनिष्ठा किती, राजपुत्राची सत्ताकांक्षा किती आणि रेसिडेंटची धास्ती किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. मात्र तो केवळ धर्मवेडाचा उद्रेक होता, हे इंग्रजी कागदपत्रांतील चित्र एकांगी आहे. अंबाला (१८६४) व पाटणा (१८६५) येथील खटले आणि विल्यम हंटर याचे १८७१ मधील पुस्तक यांनी तेच चित्र रूढ केले. सशस्त्र प्रवाह ओसरल्यावर अहले हदीस हा विद्वानांचा, राजनिष्ठेची ग्वाही देणारा प्रवाह पुढे आला; महाराष्ट्रात मालेगावचे जामिया मुहंमदिया मन्सुरा हे त्याचे प्रमुख विद्यापीठ होय.

आधुनिक अतिरेकाशी या पंथाचे नाते खरे आहे, पण ते सरळ रेषेतले नाही. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या सौदी राज्याने तेलाच्या पैशावर आपले मत जगभर पोहोचवले. तरी राजाज्ञा पाळणे हे त्याच्या अधिकृत उलेमांचे पायाभूत तत्त्व राहिले. प्रस्थापित मुस्लिम सत्ताच उलथून टाकण्याचा विचार मुख्यतः इजिप्तच्या सय्यद कुत्ब (१९०६–६६) याच्याकडून आला. १९७९ नंतरच्या अफगाण युद्धात हे दोन प्रवाह, पाकिस्तान व अमेरिका यांच्या मदतीच्या छायेत, एकत्र आले आणि १९८८ च्या सुमारास अल् कायदा उभी राहिली. तालिबान मात्र देवबंदी, म्हणजे हनफी परंपरेचे आहेत. भारतात १९७७ मध्ये अलीगढला स्थापन झालेली आणि २००१ मध्ये बंदी घातलेली सिमी ही विद्यार्थी संघटना जमाते इस्लामीचे संस्थापक मौदूदी यांच्या विचारांवर वाढली होती. यांना सरसकट वहाबी म्हणणे चूक आहे. उलट इस्लामिक स्टेटने इब्न अब्दुल वहाबचे ग्रंथ आपल्या शाळांत शिकवले, शियांची कत्तल केली आणि कबरी पाडल्या. तेथे तकफीरचा वारसा नाकारता येत नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण त्या संघटनेकडे गेले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारी लष्कर-ए-तोयबा अहले हदीस परंपरेतून निघालेली आहे. परंतु भारतातील त्या परंपरेच्या संघटना दहशतवादाचा निषेध करीत आल्या आहेत, आणि मुंबईतील मुस्लिम विश्वस्तांनी मेलेल्या नऊ हल्लेखोरांना कब्रस्तानात जागा देण्यास नकार दिला, हेही त्याच इतिहासात नोंदवले पाहिजे.

सोलापूर परिसरातील मुस्लिम लोकजीवन वहाबी मताला ज्या गोष्टी निषिद्ध आहेत त्यांवरच पोसलेले आहे. गुलबर्ग्याचा ख्वाजा बंदेनवाज (मृत्यू १४२२) आणि धाराशिवचा ख्वाजा शमसुद्दीन गाजी यांच्या उरुसांना हिंदू-मुसलमान दोघेही जातात, आणि मोहरमात सोलापुरात पंजांच्या सवाऱ्या निघतात त्यांतही दोन्ही समाज असतात. अलीकडे सुधारणावादी गटांकडून उरूस व सवाऱ्यांवर टीका होते. ती करण्याचा त्यांना अधिकार आहे, जोवर ती टीकाच राहते. सोलापूरच्या संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे फकरुद्दीन बेन्नूर (मृत्यू २०१८) यांनी सूफी संप्रदायावर मराठीत ग्रंथ लिहिला आणि मुसलमान म्हणजे एकसाची समाज या समजाचा आयुष्यभर प्रतिवाद केला. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही १९९० मध्ये याच शहरात भरले.