लोखंडाची कातडी

जबलपूरचे नाव निघाले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात. हा मुलूख लोखंडाचाही आहे, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. येथले अगरिया लोक मातीच्या लहानशा भट्टीत लोणारी कोळशावर लोखंड गाळीत. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८१७ साली तो गेला, आणि १९०४ मध्ये इंग्रजांनी येथे तोफगाड्यांचा कारखाना उभारला. त्याच कारखान्यातून २०१९ च्या एप्रिलमध्ये ‘धनुष’ तोफा सैन्याच्या हवाली झाल्या.

तोफ म्हटली की आपले लक्ष नळीकडे जाते. पण बार उडताच मागे येणारा धक्का सोसावयाचा असतो तो गाड्याने. धक्का जिरविणाऱ्या नळकांड्यातील दांडा जरा झिजला वा गंजला, की तेल गळू लागते; मग आतले पोलाद कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग काय?

पृष्ठभागाची ही चिंता आपल्याला नवी नाही. लोहार विळ्याच्या धारेला पाणी देतो, कल्हईवाला पितळेवर कथिल चढवितो. कथिल वरचे वरच राहते. पोलादाच्या कातडीतच नत्रवायू मुरवावा, ही युक्ती मात्र विसाव्या शतकातली. जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात अडॉल्फ फ्राय यांनी १९२० नंतर अमोनियात पोलाद तापवून ती सिद्ध केली. कित्येक कारखान्यांनी याच कामासाठी सायनाइडच्या वितळलेल्या क्षारांची कुंडे वापरली. जिनसा टणक झाल्या. पण त्या कुंडाशेजारी उभ्या राहणाऱ्या कामगाराचे काय, आणि ते पाणी कोणत्या नाल्यात जाई, हे विचारणारे थोडे होते.

बर्नहार्ड बर्गहाउस यांनी १९३० नंतर निराळी वाट काढली. निर्वात पेटीत थोडा नत्रवायू आणि हायड्रोजन सोडावयाचा आणि काही शे व्होल्टचा दाब द्यावयाचा. वायूचे अणू विद्युत्भारित होतात, जिनसेभोवती जांभळट प्रभा पसरते, हाच प्लाझ्मा. भारित कण पृष्ठभागावर आदळतात आणि नत्र आत शिरतो. उष्णता सुमारे ५०० अंशांची, पाण्यात बुडविणे नाही, म्हणून जिन्नस वाकडी होत नाही. भारतात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढून ही विद्या कारखान्यांपर्यंत नेली.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. न गंजणारे पोलाद ४५० अंशांपलीकडे तापविले, तर त्यातील क्रोमियम नत्राशी बांधले जाते. मग ते टणक होते खरे, पण गंजू लागते.