पंचक्रोशी : काशीभोवतीची पायवाट

काशीच्या परिसरात मुक्काम करीत, चूल मांडीत, कुणाची परवानगी न मागता फिरण्याची एकच लांब वाट आहे, ती पंचक्रोशीची. मणिकर्णिकेवर संकल्पाचे पाणी सोडून निघायचे, सारी काशी उजव्या हाताला ठेवायची, पाच मुक्काम करायचे आणि पुन्हा मणिकर्णिकेवर यायचे. पंचवीस कोसांची, म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपासची ही फेरी. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी घरांत ती न केलेली म्हातारी माणसे माझ्या लहानपणी शोधूनही सापडली नसती. माझी आजी अधिक महिन्यात अनवाणी जायची. बरोबर पीठ, मीठ आणि एक पातेले. बाकी सगळे वाटेवर मिळते, असे ती म्हणे आणि ते मिळतही असे.

पुण्याहून माझा भाचा माउंटन बाइक घेऊन आला तेव्हा त्याने विचारले, "आत्या, इथे मातीचे ट्रेल कुठे आहेत? तंबू लावला तर रात्री कुणी उठवणार नाही अशी जागा आहे का?" प्रश्न मला आवडला. पंचक्रोशी घडली ती याच प्रश्नातून : कुठून जायचे, कुठे थांबायचे आणि थांबल्यावर कसे वागायचे?

या तिन्हींचे शास्त्र लिहून ठेवण्यात आपल्या लोकांचा मोठा वाटा आहे. पैठणहून काशीला आलेल्या रामेश्वरभट्टांचे चिरंजीव नारायणभट्ट यांनी सोळाव्या शतकात ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तिन्ही ठिकाणी यात्रेकरूने काय करावे याचा तो निर्णयग्रंथ. मात्र चालणाऱ्यांच्या पायांत जे नियम मुरले आहेत, ते शिकायला ग्रंथ वाचावा लागत नाही. वाटेवरची देवळे बहुतेक उजव्या हाताला आहेत आणि धर्मशाळा डाव्या हाताला. उजवीकडे क्षेत्र. तिथे मलमूत्र नको, उष्टे-खरकटे नको. स्वयंपाक, झोप, अंघोळ, सगळे डावीकडे. आज डोंगरात मुक्काम करणाऱ्यांना पाण्याच्या जागेपासून लांब जा, घाण मागे ठेवू नका असे शिकवावे लागते. इथे चालणाऱ्यांना ते आईबापांकडूनच कळत आले आहे.

वाट चुकू नये म्हणून खुणा हव्यात. काशीचे छप्पन्न विनायक सात वलयांत मांडलेले आहेत. त्यांतल्या सगळ्यांत बाहेरच्या वलयात आठ : अर्क, दुर्ग, भीमचंड, देहली, उद्दंड, पाशपाणी, खर्व आणि सिद्धि. देहली विनायक पश्चिमेच्या कडेवर बसला आहे, म्हणजे खरोखरच उंबरठ्यावर. ज्या मोहल्ल्याचे नावच विनायकावरून पडले, तिथे वाढलेल्या मुलीला या आठांची नावे अंकलिपीबरोबर पाठ झाली यात नवल नाही.

मिशनरी शेरिंग यांनी 1868 मध्ये काशीवर इंग्रजी पुस्तक छापले, त्यात मुक्कामांची अंतरे मैलांत दिली आहेत. मणिकर्णिका ते कंदवा 6, तिथून भीमचंडी 10, रामेश्वर 14, शिवपूर 8, कपिलधारा 6 आणि परत मणिकर्णिका 6. चालणाऱ्याच्या ताकदीचा किती नेमका विचार आहे हा! पहिला दिवस हलका, कारण सकाळ संकल्पात आणि घाटांवर जाते. पाय तयार झाले की तिसऱ्या दिवशी चौदा मैल. मग पुन्हा उतार.

कंदव्याचे कर्दमेश्वर मंदिर पाहावेच. काशीतली जुनी देवळे पडली, पुन्हा बांधली गेली. आजचे विश्वनाथ मंदिरही अहिल्याबाईंनी 1780 मध्ये उभे केलेले. कर्दमेश्वर मात्र गाहडवाल राजांच्या काळाच्या सुमाराचे, शिखरासकट टिकलेले. शहराबाहेर होते म्हणून वाचले, असे मला वाटते. समोर तलाव, भोवती धर्मशाळा. पहिल्या रात्रीचा मुक्काम इथे.

माझा आवडता मुक्काम रामेश्वर. वरुणा नदी इथे वळण घेते, काठावर देऊळ, झाडे, मोकळी जागा. इथे लोटा-भंटा मेळा भरतो, इकडच्या पंचांगाने अगहन कृष्ण षष्ठीला, आपल्या पंचांगाने कार्तिक वद्य षष्ठीला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर बाट्या आणि वांगी भाजायची, चोखा करायचा, देवाला दाखवायचा, तिथेच पंगत बसायची. शेकडो चुलींचा धूर नदीवर उतरतो. उघड्यावर रांधून खाण्याचा एवढा मोठा सोहळा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

शिवपूरला द्रौपदी कुंड आहे, त्यावर तोडरमलाच्या काळातला 1589 चा शिलालेख आहे. कपिलधारेला पिंडदान. तिथून वरुणासंगमावर आदिकेशवापाशी आले की लोक जव पेरीत घाटाघाटाने घरी परततात.

वाट राखली कुणी, हेही सांगितले पाहिजे. आपण मराठी माणसे काशीतल्या आपल्या कामाचा अभिमान बाळगतो. ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाशी नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव जोडलेले आहे, बिंदुमाधवाचे देऊळ औंधच्या प्रतिनिधींनी बांधले. तो अभिमान रास्त आहे. पण आपला पैसा गंगेच्या काठावर लागला. शहराबाहेरच्या या वाटेची, तिच्या तळ्यांची आणि धर्मशाळांची अठराव्या शतकात डागडुजी करवली ती बंगालमधल्या नाटोरच्या राणी भवानीने. तिचे ऋण आजी कधी विसरली नाही.

आणि मुळात काशीपर्यंत पोचणेच किती अवघड होते! बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 च्या फेब्रुवारीत पुण्याहून निघाल्या, राजपुतान्यातून काशी-गयेला जाऊन 1736 मध्ये परतल्या. सवाई जयसिंगाने त्यांचा सत्कार केला, महंमदखान बंगशानेही मान राखला, म्हणून वाट निर्विघ्न झाली. सामान्य माणसाला असला पाठिंबा कुठला? नागपूर, जबलपूर, रीवा, मिर्झापूर या वाटेवर ठगांची भीती. प्रयाग-गयेला यात्राकर. बाजीरावांनी 1736 मध्ये बादशहाकडे मागण्या ठेवल्या, त्यांत प्रयाग, काशी, गया आणि मथुरा ही क्षेत्रे होती, ती उगाच नव्हे. प्रयाग आणि गयेचा कर अखेर कंपनी सरकारने 1840 च्या दहाव्या कायद्याने उठवला. त्या वर्षानंतर गरीब माणसाची त्रिस्थळी खऱ्या अर्थाने मोकळी झाली.

आज पंचक्रोशीवर डांबर आहे, मोटारी आहेत. रुंदीकरणात कडेची मातीची पट्टी जागोजागी गेली आणि लहान देवळ्या रस्त्याखाली दबल्यासारख्या दिसतात. महाशिवरात्रीला तरुण पोरे एका दिवसरात्रीत सगळी फेरी अनवाणी पुरी करतात, त्यांच्या तळव्यांना त्या डांबराचा अर्थ कळतो. माझे स्पष्ट मत आहे की निदान एका बाजूला मातीची, झाडांच्या सावलीची पट्टी राखलीच पाहिजे. चालणाऱ्यालाही ती हवी आणि सायकलवाल्यालाही.

भाच्याला जंगल हवे होते, म्हणून त्याला चंदौलीच्या चंद्रप्रभा अभयारण्याविषयी सांगितले. विंध्याच्या उतारावर राजदरी आणि देवदरी हे धबधबे. 1957 मध्ये इथे गीरचे सिंह आणून सोडले होते, काही वर्षांत ते नाहीसे झाले. पण तिथला नियम वेगळा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात शिरायला आणि राहायला परवाना लागतो, आग लावायला मनाई आहे. रामेश्वरी जी चूल पुण्याची, ती तिथे गुन्हा ठरू शकते. आधी वनखात्याच्या कचेरीत जा, वाट कोणती खुली आहे ते विचारा, मगच सायकल बाहेर काढा.

पंचक्रोशीला मात्र कुठलाही परवाना नको. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मेपासून 15 जूनपर्यंत आहे, तेव्हा गर्दी आणि ऊन दोन्ही कडक असतील. ज्यांना सोसवणार नाही त्यांनी लोटा-भंट्याच्या सुमारास, बेताच्या थंडीत यावे. मणिकर्णिकेहून अस्सीपर्यंत नावेने जाता येते, पुढे पायी किंवा सायकलने. पहिला मुक्काम कंदव्याला करा, पथारी डाव्या हातालाच पसरा आणि धर्मशाळेच्या पेटीत चार पैसे टाकल्याशिवाय पुढे निघू नका.