पाणी जातंय कुठं?

मंडळी, मागचा अख्खा वीकांत एका ट्रकच्या बॉनेटखाली गेला. त्यामुळे या वेळचं पुराण रेडिएटरचं. कंटाळा येणार असेल तर आत्ताच सुटा, नंतर तक्रार नको :)

तर झालं असं. माझ्या मामाचा साताऱ्याकडे एक ट्रक आहे, वयाने माझ्याहून मोठा. घाटात काटा लाल रेघेत जायचा. रोज दोन-तीन लिटर पाणी कमी व्हायचं, पण सकाळी ट्रकखाली बघावं तर जमीन कोरडी ठाक! मामाला धास्ती एकच, हेड गॅस्केट गेलं असणार. म्हणजे इंजिन उघडा, ट्रक आठवडाभर उभा. आल्याचा सीझन तोंडावर आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

"आरं तू इंजिनेर न्हवं का? पाणी जातंय कुठं तेवढं सांग की," मामा म्हणाला.

आता मी पडलो कॉम्प्युटरवाला. पण प्रश्न ओळखीचा वाटला. प्रोग्रॅममधली मेमरी हळूहळू कुठे गळते हे शोधण्यात माझी निम्मी नोकरी जाते. आणि गंमत म्हणजे मोटारगाडीच्या जन्मापासून लोक हाच प्रश्न विचारत आलेत.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर साधारण १०० किलोमीटर. त्या गाडीला रेडिएटर नव्हताच. पाणी उकळायचं, वाफ हवेत जायची आणि इंजिन थंड राहायचं. म्हणजे पाणी जाणं हा बिघाड नव्हता, तीच पद्धत होती! बाईंना वाटेत जिथे मिळेल तिथे पाणी भरत जावं लागलं.

पण इंजिनं मोठी झाली तसं हे परवडेना. वाफ घालवण्याऐवजी तेच पाणी गार करून परत वापरायला हवं. यावरचा खरा तोडगा काढला डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या मार्चमध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यती गाजवणाऱ्या मर्सिडीज गाडीत त्याचा नवा रेडिएटर होता. मधमाशांच्या पोळ्यासारखा, ६ मिलिमीटर चौकोनी अशा ८०७० नळ्या एकमेकींना झाळून केलेला. नळ्यांतून हवा आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. आधी १८ लिटर पाणी लागायचं, तिथे ९ लिटरमध्ये काम भागलं. पण प्रत्येक झाळलेला सांधा म्हणजे गळतीची एक शक्यता, हेही त्याच दिवशी जन्माला आलं. (पुढे १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ एक झाल्या आणि १९५४ पासून त्यांच्या परवान्यावर टेल्को जमशेदपूरला ट्रक बनवू लागली. म्हणजे मायबाखचा वारसा आपल्या घाटांपर्यंत असा पोचला.)

असो. शनिवारी सकाळी गावातले म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी इंजिनला हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहिल्या. ऑइलची पट्टी काढली. ऑइल दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं नाही. इंजिन थंड असताना रेडिएटरची टोपी काढून ट्रक चालू केला. पाण्यात सतत बुडबुडे येत नव्हते, म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता. गॅस्केटवरचा संशय बराच कमी झाला. मामाच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

मग टोपीच्या जागी मीटर लावलेला हातपंप बसवून हवेचा दाब दिला. काटा सावकाश खाली यायला लागला. मिस्त्रींनी बॅटरी मारून वरच्या टाकीचा सांधा दाखवला. तिथे हिरवट-पांढरा डाग आणि त्यातून केसाएवढी ओल. दाब असेल तेव्हाच तिथून पाणी झिरपायचं आणि तापलेल्या पत्र्यावर लगेच वाळायचं. रात्री गाडी थंड, दाब नाही, गळती नाही. म्हणून जमीन कोरडी!

दुपारी रेडिएटर उतरवून वरची टाकी झाळ वितळवून काढली, तर बऱ्याच नळ्या पिवळ्या गाळाने बुजलेल्या. मिस्त्रींनी मामाकडे नुसतं पाहिलं.

"हळद टाकली हुती... दोनदा," मामा पुटपुटला.

ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, फुगते आणि फटीत जाऊन बसते. हसू नका. १९५८ मध्ये अमेरिकेच्या नॉटिलस या अणुपाणबुडीच्या कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी गळत होतं आणि गळती काही केल्या सापडेना. उत्तर ध्रुवाखालून जायची मोहीम गुप्त होती. तेव्हा खलाशी साध्या कपड्यांत सिएटलच्या पेट्रोल पंपांवर हिंडले आणि मोटारीच्या रेडिएटरची गळती थांबवणारं द्रव्य १४० क्वार्ट, म्हणजे सुमारे १३० लिटर, विकत घेऊन आले. त्यातलं निम्मं ओतलं आणि गळती थांबली! ३ ऑगस्ट १९५८ ला नॉटिलस ध्रुवाखालून गेली.

म्हणजे हळद वाईट नाही. भर घाटात रात्री दोन वाजता ती देवासारखी. पण तिला फट कुठली आणि नळी कुठली हे कळत नाही. वेळ मारून नेल्यावर आपण ते विसरतो, खरा दोष तिथेच. आमच्या ऑफिसातही "तात्पुरतं" म्हणून लिहिलेला कोड पाच-पाच वर्षं नांदतो. त्यामुळे मी मामाला काही बोललो नाही.

बाकी काम सोपं होतं, पण हात पाहिजे. नळ्यांतून पातळ पट्टी फिरवून गाळ काढला. सांधा तेजाबाने लख्ख केला, टाकी परत झाळली. मग तोंडं बंद करून हवा भरली आणि रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला, सायकलची ट्यूब बघतात तसा. एकही बुडबुडा नाही. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरायची तंबी मामाला मिळाली. रविवारी भरल्या गाडीने घाट चढलो आणि काटा मधेच राहिला.

मिस्त्री म्हणाले, हे तांब्या-पितळेचं म्हणून झाळता आलं. आताच्या बऱ्याच रेडिएटरांचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. हलके आणि स्वस्त, पण गळले की बहुधा बदलायचेच. त्यांचा मुलगा या धंद्यात आला नाही. "काय शिकवू त्येला?" एवढंच बोलले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी ऑफिसला गेल्या गेल्या मी माझी एक जुनी "हळद" शोधून काढली. तीन वर्षांपूर्वीची होती.