पन्नास, चाळीस, दहा : वारणेच्या सत्तर गावांतल्या संगणकांची गोष्ट

(कोडोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आपल्या भागात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना वाटतं, आज पन्हाळा, पावनखिंड नाहीतर शाहू महाराज ऐकायला मिळणार. आज आम्ही त्यातलं काहीच सांगणार नाही. आज बोलायचंय ते 1998 सालच्या एका प्रकल्पाबद्दल. कुणी म्हणेल, ही तर कालपरवाची गोष्ट, हिला इतिहास कशाला म्हणायचं? पण जवळचीच गोष्ट लवकर पुसली जाते. गडाची तटबंदी साडेतीनशे वर्षं उभी राहते, कचेरीतला संगणक मात्र आठ-दहा वर्षांत भंगारात जातो. त्याच्याबरोबर तो तिथं का आणला, कुणी आणला, हेही विसरलं जातं. म्हणून ही गोष्ट आत्ताच सांगून ठेवलेली बरी.

सुरुवात उसाच्या पावतीपासून करू. ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, गाडी भरलेली वजन होते, रिकामी वजन होते, आणि शेतकऱ्याच्या नावावर एक वजनपावती निघते. साधा कागद. पण या कागदावर किती सरकारांचे हात आहेत बघा. किलो म्हणजे किती, टन म्हणजे किती, हे ठरवायचा अधिकार केंद्राचा. काटा बरोबर आहे का, हे तपासणारा निरीक्षक राज्याचा. उसाला किमान किती दर द्यायचा, ते 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र ठरवतं. कारखाना कधी सुरू करायचा, त्याचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तांकडून, म्हणजे राज्याकडून. कारखाना सहकारी, म्हणून त्याची नोंदणी राज्याच्या कायद्याखाली. आणि ऊस वाढला तो गावच्या शिवारात, सातबाऱ्यावर. तो सातबारा राज्याच्या महसूल खात्याचा.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती. शेती, जमीन, सहकारी संस्था, स्थानिक स्वराज्य हे विषय राज्याच्या यादीत. पोस्ट, टेलिफोन, बिनतारी दळणवळण हे केंद्राच्या यादीत. शाळेत आपण हे परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो. पण उसाची माहिती टेलिफोनच्या तारेवरून गावात आणायची म्हटली, की या याद्या एकदम जिवंत होतात. माहिती एकाची, तार दुसऱ्याची, आणि गरज तिसऱ्याची.

आता थोडं मागे जाऊ. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर काही वर्षांतच वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखान्याची धडपड सुरू झाली. तात्यासाहेब कोरे यांचं नाव आपल्या भागात वेगळं सांगायला नको. 1955 साली कारखान्याची नोंदणी झाली आणि 1959 साली गाळप सुरू झालं. इथून पायी जाण्याच्या अंतरावर जिथं माळ होता, तिथं वारणानगर उभं राहिलं.

आपण ही गोष्ट नेहमी स्वावलंबनाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिला दुसरीही बाजू आहे. त्या काळात साखर कारखाना काढायचा तर 1951 च्या उद्योग कायद्याखाली दिल्लीचा परवाना लागे. सहकारी कारखान्यांच्या उभारणीची त्या वेळची रीत ठरून गेली होती. शेतकऱ्यांनी भाग घ्यायचे, राज्य सरकारनं भागभांडवलात पैसे घालायचे, आणि लांब मुदतीचं कर्ज केंद्रानं 1948 साली काढलेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून घ्यायचं. म्हणजे तीन पातळ्यांचं सहकार्य हे काही अलीकडचं नाही. आपल्या धुराड्याच्या पायातच ते आहे. त्यात प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. कर्ज कुणी द्यायचं, ते कुणी फेडायचं, ऊस कुणी घालायचा, नफा-तोटा कुणाचा, यात संदिग्धता नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1998. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं गेलं. संगणक शहरातच राहणार की खेड्यातही जाणार, हा प्रश्न होता. खेड्यात न्यायचा तर कुठल्या खेड्यात? पंतप्रधान कार्यालयाच्या पुढाकारानं निवड झाली ती वारणेची. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं. प्रकल्पाचं नाव पडलं 'वायर्ड व्हिलेज'.

वारणाच का? इथं कारखाना होता, दूधसंघ होता, शाळा-कॉलेजं होती, इंजिनिअरिंग कॉलेज होतं, आणि या सगळ्यांवर विश्वास असलेला शेतकरी होता. आणखी एक कारण आम्हाला महत्त्वाचं वाटतं. वारणा नदी ही बराच अंतर दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडचा शेतकरी कोल्हापूरच्या कलेक्टरांकडे जाणार, पलीकडचा सांगलीच्या. पण दोघांचाही ऊस एकाच काट्यावर येणार. सरकारी नकाशानं जे खोरं दोन भागांत कापलं होतं, ते सहकारानं पुन्हा जोडलं होतं. अशी जोडलेली सत्तर गावं आयती मिळणं सोपं नव्हतं.

प्रकल्पाचा खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. त्यातला पन्नास टक्के केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि दहा टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाचा. तांत्रिक काम केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं, ज्याला आपण एनआयसी म्हणतो. पन्नास, चाळीस, दहा. हे तीन आकडे म्हणजे आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

उद्दिष्टं मोठी होती. ऊस आणि दुधाचा कारभार संगणकावर आणायचा. शेतीची, आरोग्याची, शिक्षणाची माहिती मराठीतून द्यायची. गावांचे नकाशे संगणकावर करून जमिनीच्या कारभारात पारदर्शकता आणायची. शाळा-कॉलेजांना दूरशिक्षण द्यायचं आणि इंटरनेट गावाच्या दारात आणायचं. 1998 साली हे म्हणणं धाडसाचं होतं. तेव्हा बीएसएनएलसुद्धा नव्हतं, ते ऑक्टोबर 2000 मध्ये झालं. गावातला फोन थेट केंद्राच्या दूरसंचार खात्याचा होता.

गावागावांत पन्नासहून अधिक केंद्रं सुरू झाली. ती चालवणारी माणसं कारखान्याशी जोडलेली. आणि एक काम उत्तम झालं, ते म्हणजे उसाचं. लागण कधीची, तोड कधी येणार, खताची उचल किती, काट्यावर वजन किती भरलं, बिल किती निघालं, हे सगळं गावातच कळू लागलं. पूर्वी एवढ्यासाठी कारखान्याची नाहीतर गट ऑफिसची वाट धरावी लागायची, दिवस मोडायचा. आता केंद्रात जायचं, आपलं नाव सांगायचं, छापील कागद घ्यायचा. ज्या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं वजनाच्या पावतीवर मुकाट्यानं विश्वास ठेवला, त्याला ती पडताळून बघता येऊ लागली. ही लहान गोष्ट नाही.

पण बाकीच्या उद्दिष्टांचं काय झालं? प्रामाणिकपणे सांगायचं तर ती मागे पडली. केंद्रांचा वापर मुख्यतः उसापुरता राहिला. इंटरनेटवरून जगाचं ज्ञान, दूरशिक्षण, जमिनीच्या नोंदी, हे कागदावर जितकं होतं तितकं गावात उतरलं नाही.

असं का झालं? 'सरकारी काम, दुसरं काय' असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. आम्हाला ते उत्तर पटत नाही. आमचं म्हणणं असं, की 1998 साली पैशाची वाटणी झाली, जबाबदारीची झाली नाही. पन्नास, चाळीस, दहा हे उभारणीच्या खर्चाचे आकडे. संगणक घेतले, खोली झाली, उद्घाटन झालं. पण पाचव्या वर्षी लाईट बिल कुणी भरायचं, बिघडलेला संगणक कुणी बदलायचा, केंद्रावरच्या माणसाचा पगार कुणी द्यायचा? रोजचं हे ओझं सहकारावरच पडत गेलं. म्हणजे उभारणीत ज्याचा वाटा दहा टक्के, चालवण्यात त्याचाच वाटा सर्वांत जड. मग तो काय चालवणार? ज्याची त्याला गरज आहे तेच. कारखान्याला उसाची माहिती हवी होती, म्हणून उसाची माहिती टिकली.

दुसरं, माहिती ज्याच्या ताब्यात, तो जोडला गेला नव्हता. उसाची नोंद कारखान्याची, ती कारखान्यानं दिली. सातबारा तलाठ्याकडं, महसूल खात्याकडं. ते दप्तर त्या तारेला जोडलं गेल्याशिवाय केंद्रावर सातबारा येणार कुठून? भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना 1988-89 मध्येच सुरू झाली होती. आणि महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला 1 मे 2018 रोजी. जवळजवळ तीस वर्षं. पैसा केंद्राचा, नोंद राज्याची, आणि दोन्हींच्या मधे गावचं जुनं, खाडाखोडीचं दप्तर. वारणेचा प्रकल्प या तीस वर्षांच्या बरोबर मधे सापडला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत नाजूक आहे. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला अमलात आली. ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला, अकराव्या अनुसूचीत 29 विषय आले. आणि त्यानंतर पाचच वर्षांत आलेल्या या प्रकल्पात तिसरा भागीदार कोण? ग्रामपंचायत नव्हे, जिल्हा परिषद नव्हे, तर सहकारी समूहातली शिक्षणसंस्था. यात कुणाचा दोष काढायचा नाही. त्या वेळी आपल्या भागात काम करण्याची ताकद सहकारातच होती, ग्रामपंचायतीकडं ना पैसा ना माणूस. पण फरक समजून घ्या. सहकारी संस्था तिच्या सभासदांची असते, ग्रामपंचायत गावातल्या प्रत्येकाची. ज्याच्या नावावर ऊस आहे, त्याला केंद्रात जायचं कारण होतं. ज्याच्या नावावर जमीनच नाही, दुसऱ्याच्या फडात तोडायला जाणाऱ्याला, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या घरच्या बाईला, त्या केंद्रात जाऊन विचारायचं तरी काय होतं? 'स्थानिक' हा शब्द आपण सहज वापरतो. स्थानिक म्हणजे नक्की कोण, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

या गोष्टीचा एक पुढचा अध्याय आहे. काही वर्षांनी संगणक जुने झाले, फोनची जोडणी कटकटीची झाली. मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागानं इथं येऊन पाहिलं आणि सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा, उत्तरात माहिती मिळायची. प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड', म्हणजे तार काढून टाकलेली वारणा. संगणकावर होणारं सगळं काम मोबाईलवर झालं, स्वस्तात झालं, आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं. पूर्ण खोऱ्यात ही पद्धत लावली तर सहकाराचे वर्षाला जवळजवळ दहा लाख रुपये वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. खर्चाचं ओझं कुणावर होतं, ते या आकड्यातूनच दिसतं.

मग हा प्रकल्प फसला म्हणायचा का? आम्ही तसं म्हणणार नाही. 2006 साली केंद्रानं राष्ट्रीय ई-शासन योजना मंजूर केली आणि देशभर सामायिक सेवा केंद्रं निघाली. महाराष्ट्रात 2011 च्या सुमारास 'संग्राम' आलं, ग्रामपंचायतीत संगणक आला. पुढे त्याची जागा 'आपले सरकार सेवा केंद्रा'नं घेतली. या वेळी तिसरा भागीदार ग्रामपंचायत होती, ही सुधारणा म्हणायची. पण इथंही ऑपरेटरच्या मानधनाचे पैसे ग्रामपंचायतीच्या वाट्याला आलेल्या वित्त आयोगाच्या निधीतून जायचे. नियम वर ठरला, पैसे खालून गेले. गटार, पाणी, दिवाबत्ती यांच्यासाठी आलेल्या निधीतून किती रक्कम केंद्राला जावी, यावर ग्रामसभेत बोलायला हवं होतं. आपल्यापैकी किती जण बोलले, ज्यानं त्यानं आठवून बघावं.

1959 सालच्या कारखान्यात आणि 1998 सालच्या संगणकात फरक हाच. कारखाना काढताना आपल्या आज्या-पणज्यांनी भाग घेतले, कर्ज फेडायची जबाबदारी अंगावर घेतली, आणि म्हणून वार्षिक सभेत उभं राहून विचारायचा हक्कही मिळवला. संगणक आला तो भेट म्हणून. भेट बिघडली की कुणाला विचारायचं?

म्हणून शेवटी एवढंच. दिल्लीहून किंवा मुंबईहून पुढची योजना आली, की टाळ्या वाजवायच्या आधी ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. माहिती कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो तिथं आला आहे का? पाचव्या वर्षीचं लाईट बिल कोण भरणार? आणि ज्याच्याकडं ऊसही नाही, जमीनही नाही, त्यानं या खोलीत कशासाठी यायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिनिट बुकात लिहून घ्या. पुढच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तेवढं तरी सापडू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.