मोरीतल्या वाळ्याचा इतिहास

#थ्रेड

पहिल्या पावसानंतर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागातल्या तळमजल्यांवर मोरीच्या जाळीतून कधीकधी एक काळपट, चकचकीत, वीतभरही लांब नसलेला जीव वर येतो. कोणी त्याला गांडूळ समजते, कोणी नागाचे पिल्लू म्हणून चपलेने ठेचते. हा वाळा. पूर्णतः बिनविषारी साप. मुंग्यांची व वाळवीची अंडी-अळ्या हे त्याचे अन्न.

छापील विज्ञानात तो आला तोच मुळी याच भीतीच्या निमित्ताने. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गशास्त्रज्ञ पॅट्रिक रसेल याने विषारी आणि बिनविषारी साप वेगळे ओळखता यावेत म्हणून कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ रचला (१७९६). त्यात या सापाचे चित्र आहे आणि नाव दिले आहे ते स्थानिक तेलुगू: 'रोंडू तलूलू पाम', म्हणजे दोन डोक्यांचा साप. उच्चार बिघडला, अर्थ मात्र टिकला. डोके व शेपूट सारखेच बोथट, डोळे खवल्यांखालचे दोन ठिपके. दुसरे काय म्हणणार?

पुढे १८०३ मध्ये पॅरिसच्या दोदँ याने रसेलच्याच आधारे त्याला 'एरिक्स ब्रॅमिनस' असे शास्त्रीय नाव दिले. 'एरिक्स' हे आज मांडुळाचे कुळ. म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही 'दुतोंड्यां'ची गल्लत शास्त्रानेही एकदा केलीच!

यानंतरचा प्रवास कुंड्यांतला. व्यापारी जहाजांतून रोपे गेली, त्यांच्या मुळांच्या मातीतून वाळाही गेला. आफ्रिका, मेक्सिको, फ्लोरिडा; हवाई बेटांवर तो १९३० च्या सुमारास फिलिपिन्सहून आणलेल्या झाडांबरोबर उतरला. आफ्रिकेच्या वनांत मातीखाली राहणारे असे स्वतःचे साप आहेतच, पण ते जगभर पसरले नाहीत. वाळ्याला ते साधले, कारण या जातीत माद्याच असतात. गुणसूत्रांचे तीन संच असलेली मादी नराविना अंडी घालते. नवी वसाहत वसवायला एकच पुरे. मराठीने त्याला पुल्लिंगी ठरवले, ही गंमत वेगळी.

मोरीत दिसला तर झाडू नको. शेपटीच्या टोकाचा बारीक काटा टोचल्यासारखा वाटेल, त्यात विष नाही. कागदावर उचलून कुंडीतल्या ओल्या मातीवर ठेवला की क्षणात खाली जातो.